मधमाश्यांचे पदार्थ आणि त्यांवरील लेबलें

आमच्या फुलचूर गांवाचें नांव ऐकून बाहेरगांवचे लोक मला पुष्कळदां विचारतात कीं, येथें फुलांचा चुरा करतात काय? महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां मीं जुनीं दप्तरें बरींच चाळलीं, परंतु या नांवाचा उगम मला त्यांत आढळला नाहीं. फुलांचा चुरा मीं पहिल्यानें पाहिला तो गोंदियाच्या एका दुकानांत, काचेच्या बरणींत भरलेला. पिवळे, नारिंगी, तपकिरी असे मोहरीपेक्षां थोडे मोठे दाणे, आणि वर ठळक अक्षरांत ‘नैसर्गिक पराग, शक्तिवर्धक’. त्या बरणीमुळें आमच्या घरीं जो प्रसंग आला त्यावरून हा लेख लिहावा असें मनांत आलें.

माझ्या धाकट्या सुनेस दम्याची उपाधि आहे. आंब्याला मोहोर आला कीं तिला शिंका सुरू होतात, त्या मोहाचीं फुलें गळून संपेपर्यंत राहतात. बाळंतपणानंतर तिची प्रकृति अशक्त झाली होती म्हणून मीं ती बरणी विकत घेतली. घेतांना दुकानदारास विचारलेंही, “भाऊ, दम्याच्या माणसाला हें चालतें ना?” तो म्हणाला, “काकाजी, हें औषध थोडेंच आहे? फुलांचें अन्न आहे. यानें अपाय कसला होतो?” दुसरे दिवशीं सकाळीं सुनेनें एक चमचा दाणे दुधांतून घेतले. पंधरा-वीस मिनिटांत तिचे ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, आवाज बसला आणि श्वास अडकूं लागला. मुलानें तिला मोटारसायकलीवर बसवून गोंदियास दवाखान्यांत नेलें. आमचें गांव गोंदियाला लागून आहे म्हणून वेळ साधली. रानांतल्या एखाद्या टोल्यावर हें घडतें तर काय झालें असतें याचा विचार करवत नाहीं. डॉक्टरांनीं मांडींत ॲड्रेनॅलिनचें इंजेक्शन दिलें, प्राणवायु लावला व एक रात्र ठेवून घेऊन घरीं पाठविलें. मीं बरणी दाखविली तेव्हां ते म्हणाले, “ज्याला वाऱ्यांतल्या परागाचें वावडें, त्याला तोच पराग चमच्यानें खाऊं घातलात. आणखी काय व्हावयाचें?”

दुकानदाराचा मला राग आला नाहीं. बरणीवर जें लिहिलेलें, तेवढेंच त्याला ठाऊक. घरीं येऊन मीं ती बरणी दिव्याखालीं धरली आणि सातबारा वाचावा तशी वाचून काढली. शक्तिवर्धक, रोगप्रतिकारक, थकवा घालविणारा, हें सर्व तींत होतें. दम्याच्या किंवा वावड्याच्या माणसानें घेऊं नये, एवढें एक वाक्य नव्हतें. उताऱ्यावर क्षेत्र, आकार, खातेदाराचें नांव सर्व कांहीं बरोबर असावें आणि इतर हक्कांतील बोजा तेवढा लिहावयाचा राहून जावा, तशांतली ही गोष्ट. असा उतारा पाहून ज्यानें जमीन घेतली तो फसतोच. आणि लिहिणारा म्हणतो, मीं खोटें कांहीं लिहिलें नाहीं.

हा प्रश्न गिऱ्हाइकाचा आहे, शेतकऱ्याचा नाहीं, असें कोणी म्हणेल. मला तसें वाटत नाहीं. सातारा जिल्ह्यांत महाबळेश्वर तालुक्यांतील मांघर हें २०२२ सालीं राज्यांतील पहिलें मधाचें गांव झालें, तेव्हांपासून जोडधंदा म्हणून मधमाशा पाळण्याकडे पुष्कळांचें लक्ष गेलें आहे. आपल्या भागांतही धानाच्या बांध्यांच्या धुऱ्यांवर पेट्या दिसूं लागल्या आहेत. आज जो पेट्या ठेवतो तो उद्यां बाटली भरील, परवां तीवर लेबल छापील. आणि मधापेक्षां परागाला व रॉयल जेलीला भाव अधिक, हें त्याला कोणी तरी सांगेलच. म्हणून हे पदार्थ काय आहेत व कायदा त्यांबद्दल काय म्हणतो, हें आधींच पाहून ठेवलेलें बरें.

पराग गोळा करण्याची रीत अशी. पेटीच्या दारावर बारीक भोकांची जाळी बसवितात. माशी आंत शिरतांना त्या भोकांतून अंग चोरून जाते, आणि तिच्या मागच्या पायांना चिकटलेल्या परागाच्या गोळ्या खालच्या खणांत पडतात. माशी कोणत्या फुलावरून आली हें जाळीला कळत नाहीं. करंज असो, जवस असो, बांधावरचें गवत असो, सर्वांचा पराग एकत्र होतो. शेजाऱ्यानें त्या दिवशीं फवारणी केली असेल तर तें विषही गोळीबरोबर खणांत येतें. गोळी ओलसर असते. ती त्याच दिवशीं काढून मंद उष्णतेवर वाळविली नाहीं तर बुरशी धरते. हें सर्व नीट केलें तरी पराग तो परागच. निरोगी माणसास तो बहुधा पचतो. ज्याचें त्याच्याशीं वांकडें त्याच्या जिवावर बेततो.

रॉयल जेली, जिला आपल्याकडे कोणी राजान्न म्हणतात, ती तरुण कामकरी माश्यांच्या डोक्यांतील ग्रंथींतून पाझरते. पहिले सुमारें तीन दिवस सर्वच अळ्यांना ती मिळते. राणी व्हावयाची असते त्या अळीला मात्र शेवटपर्यंत तीच. विक्रीकरितां ती काढावयाची तर पेटींत लहान लहान वाट्या लावून प्रत्येकींत एक कोवळी अळी ठेवावी लागते, आणि तिसऱ्या दिवशीं अळी दूर करून वाटींतील रस खरडून घ्यावा लागतो. एका वाटींत निघतो तो पाव ग्रॅमच्या आसपास. म्हणजे एका किलोला चार हजार वाट्या झाल्या! पुन्हां ती थंडींत ठेवावी लागते. हा हिशेब ज्याला ठाऊक आहे तो रस्त्यावर स्वस्तांत मिळणाऱ्या राजान्नाच्या डबीकडे संशयानेंच पाहील.

तिसरा पदार्थ प्रोपोलिस. झाडांच्या कळ्यांवरील व सालीवरील राळ आणून माश्या तिनें पेटीच्या फटी बुजवितात. हें काम मेलिफेरा जातीच्या माश्यांचें. आपली सातेरी सहसा त्या वाटेस जात नाहीं. तेव्हां कोणी ‘सातेरीचें अस्सल प्रोपोलिस’ म्हणून विकूं लागला तर त्याला पेटी उघडून दाखवावयास सांगावें.

या पदार्थांनीं अमुक रोग बरा होतो, तमुक शक्ति येते, असे दावे जगभर केले जातात. युरोपीय संघाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानें २०१० व २०११ सालीं प्रोपोलिस व रॉयल जेली यांबद्दलच्या आरोग्यविषयक दाव्यांची छाननी केली आणि दिलेल्या पुराव्यावरून ते सिद्ध होत नाहींत असा अभिप्राय दिला. पदार्थ निरुपयोगी आहेत असा याचा अर्थ नव्हे. दावा करणारानें पुरावा दाखविला नाहीं, एवढाच आहे. आणि कचेरींत जन्म गेलेल्या माणसास तेवढा पुरे होतो.

आतां मधाकडे वळूं. येथें भेसळीची गोष्ट निघते, आणि ती आपल्या धानाच्या मुलुखाशीं फार जवळून निगडित आहे. मधांत साखरेचा पाक घालणें ही जुनी लबाडी. ती पकडण्याची एक शास्त्रीय रीत अशी: ऊस व मका हीं पिकें हवेंतील कार्बन एका पद्धतीनें घेतात, आणि ज्यांच्या फुलांवर माशी बसते तीं बहुतेक झाडें दुसऱ्या पद्धतीनें. या दोहोंच्या साखरेंतील कार्बनाचें प्रमाण यंत्रावर वेगळें दिसतें. म्हणून उसाचा किंवा मक्याचा पाक लगेच उघड होतो. आपल्या नियमांत अशा साखरेची मर्यादा ७ टक्के ठेविली आहे. परंतु धान व बीट हीं फुलझाडांच्याच पद्धतीचीं. तांदुळापासून केलेला पाक मधांत घातला तर ही परीक्षा त्याला पकडूं शकत नाहीं! लबाडांनीं हें ताडलें, आणि तपासणींतून निसटेल असाच पाक बनविण्याचा धंदा चीनमध्यें सुरू झाला. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेनें २०२० च्या डिसेंबरांत याचा बोभाटा केला. तिनें बाजारांतील १३ नाममुद्रांचे मध तपासविले. त्यांतील बहुतेक भारतांतील नेहमींच्या परीक्षेंतून पार पडले; जर्मनीमध्यें एन.एम.आर. नांवाच्या अधिक सूक्ष्म परीक्षेस लावल्यावर मात्र १० नापास ठरले. कंपन्यांनीं हा आरोप नाकारला. तथापि अमेरिकेस जाणाऱ्या मधाला हीच परीक्षा सरकारनें त्याच वर्षीं १ ऑगस्टपासून सक्तीची केली होती, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. याच संस्थेनें २०१० सालीं मधांत प्रतिजैविक औषधांचे अंश सांपडल्याचें उघड केलें होतें. तीं औषधें माश्यांच्या रोगांवर पेटींत घातलेलीं असतात.

पाण्यांत थेंब टाकून पाहणें, कापसाची वात मधांत बुडवून पेटविणें, कुत्र्यापुढें ठेवणें, या घरगुती परीक्षांचा येथें कांहीं उपयोग नाहीं. दाट पाक पाण्यांत तसाच बुडतो, आणि खरा परंतु पातळ मध विरघळतो. थंडींत गोठला म्हणून मध खोटा, ही समजूत तर खऱ्या शेतकऱ्याचेंच नुकसान करते, कारण खरा मध बहुधा गोठतोच.

कायद्याची हकिकत थोडक्यांत सांगतों. पूर्वीचा भेसळीचा कायदा १९५४ चा. त्याची जागा अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ यानें घेतली. त्याखालीं २०१८ सालीं मध, मेण व रॉयल जेली यांचीं मापें नव्यानें ठरविण्यांत आलीं. मधांत पाणी २० टक्क्यांहून अधिक नसावें. उसाच्या जातीची साखर, म्हणजे सुक्रोज, ५ टक्क्यांहून अधिक नसावी. सह्याद्रीवरील कारवीच्या मधाला मात्र १० टक्क्यांची सवलत आहे. मध फार तापविल्यानें व जुना झाल्यानें त्यांत एच.एम.एफ. नांवाचें द्रव्य वाढतें. त्याची मर्यादा किलोस ८० मिलिग्रॅम. शक्तिवर्धक म्हणून गोळ्या, कुप्या, चूर्ण या रूपांनीं विकल्या जाणाऱ्या अन्नांचे नियम २०१६ चे असून ते १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. त्यांप्रमाणें लेबलावर ‘आरोग्यपूरक’ हा शब्द, ‘औषधी उपयोगाकरितां नाहीं’ ही सूचना आणि रोज किती घ्यावें याचें माप असावें लागतें. अन्नाची फसवी जाहिरात केल्यास १० लाख रुपयांपर्यंत, व चुकीच्या लेबलाबद्दल ३ लाख रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो. मधुमेह किंवा कर्करोग बरा होतो असें छापणारा तर १९५४ च्या जादूच्या उपायांविषयींच्या निराळ्या कायद्याच्या कचाट्यांत सांपडतो.

एवढें सर्व आहे. मग आमच्या बरणीवर तें एक वाक्य कां नव्हतें? याचें उत्तर शोधण्यास मला आठ दिवस लागले. लेबलांचे नियम २०२० सालीं नवे झाले. ज्यांचें वावडें असूं शकतें असे पदार्थ ठळकपणें लिहावेत अशी त्यांत सक्ति आहे. ग्लुटेन असलेलीं धान्यें, खेकडा-झिंग्यांसारखे कवचधारी जलचर, दूध, अंडीं, मासे, भुईमूग, सोयाबीन, काजू-बदामासारखीं कठीण कवचाचीं फळें आणि सल्फाइट, हे त्या यादींत आहेत. पराग, राजान्न व प्रोपोलिस त्या यादींत नाहींत. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड या देशांत रॉयल जेलीच्या डबीवर, यानें तीव्र वावडें व क्वचित् मृत्युही ओढवला असून दमेकऱ्यांस विशेष धोका आहे, अशा आशयाची ताकीद छापावीच लागते. परागाच्या डबीवरही सूचना द्यावी लागते. आपल्याकडे हें उत्पादकाच्या मर्जीवर राहिलें. मीं बरणीवरील पत्त्यावर पत्र लिहिलें. उत्तर आलें कीं, आमचें लेबल नियमाप्रमाणें आहे. तें खोटें नव्हतें. म्हणूनच मला वाटतें कीं तक्रार त्या उत्पादकाची न करतां यादीची करावी. आपल्या संस्थेनें केंद्रीय प्राधिकरणास तसा ठराव पाठवावा, व त्यांत दोनच ओळी असाव्यात: परागजन्य पदार्थांवर वावड्याची सूचना, आणि मधावर लहान मुलांची सूचना, या दोन्ही सक्तीच्या कराव्यात.

जाता जातां एक गंमत. शाकाहाराच्या हिरव्या खुणेचा नियम लिहितांना मध व मेण यांना प्राणिजन्य पदार्थांतून वगळलें आहे. राजान्नाचें नांव त्या अपवादांत नाहीं. माशीच्या डोक्यांतून पाझरलेला हा रस हिरवा कीं तपकिरी, हा वाद एखाद्या हौशी वकिलाची वाट पाहत असावा.

लहान मुलांची गोष्ट मात्र गमतीची नाहीं. आपल्याकडे जन्मलेल्या बाळाला सोन्याच्या वळ्यानें मध चाटविण्याची व बाळगुटी मधांत उगाळण्याची चाल आहे. माझ्या मुलांना मीं स्वतः चाटविला आहे. परंतु अगदीं शुद्ध मधांतही क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नांवाच्या जंतूचीं बीजें असूं शकतात. मोठ्या माणसाच्या आंतड्यांत तीं रुजत नाहींत. वर्षाच्या आंतील मुलाच्या आंतड्यांत रुजून विष तयार करतात. मूल शौचास होईनासें होतें, रडणें क्षीण होतें, मान टाकतें, पुढें श्वास बंद पडतो. हा बालरोग १९७६ सालीं कॅलिफोर्नियांत प्रथम ओळखला गेला, व नंतर त्याचा मधाशीं संबंध दिसून आला. घरीं मध उकळल्यानें हीं बीजें मरत नाहींत. वर्ष पुरें होईपर्यंत मध देऊं नये असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. माझ्या नातवाच्या वेळीं आजीबाई रुसल्या. आम्हीं वळें नुसतें पाण्यांत बुडवून ओठांना लावलें व चाल राखली.

आतां ज्यांना स्वतःचा मध विकावयाचा आहे त्यांच्याकरितां. शेतावर, शेतकरी म्हणून, आपण जें पिकवितों त्याला हा अधिनियम लागू नाहीं असें कलम १८ मध्यें म्हटलें आहे. परंतु बाटली भरून, नांव छापून बाजारांत बसलें कीं आपण अन्नाचे व्यापारी होतों, आणि मग नोंदणी किंवा अनुज्ञापत्र घ्यावें लागतें. त्याचा चौदा आंकडी क्रमांक लेबलावर येतो, व प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर तो कोणासही तपासतां येतो. मध काढतांना पोळ्याचीं घरें माश्यांनीं मेणानें झांकलीं आहेत कीं नाहींत हें पाहावें. उघड्या घरांतला मध पाणचट असतो, २० टक्क्यांच्या मर्यादेंत बसत नाहीं आणि आंबतो. पावसाळ्याच्या तोंडावर काढलेल्या आग्यामाशीच्या रानमधाची हीच रड असते, त्यांत पोळें हातानें पिळून काढल्यास अळ्यांचा रसही उतरतो. आटवावा म्हणून चुलीवर चढविला तर पाणी जातें, पण एच.एम.एफ. वाढतें. रोग पडला म्हणून पेटींत प्रतिजैविक औषध स्वतःच्या मनानें घालूं नये. सल्ला हवा असल्यास महाबळेश्वरचें मधसंचालनालय व पुण्याची १९६२ सालीं स्थापन झालेली केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था हीं ठिकाणें आहेत.

आणि एक वही ठेवावी. कोणती पेटी, कोणत्या तारखेस किती मध, त्या पंधरवड्यांत भोंवतीं काय फुललें होतें, कोणीं कधीं फवारलें. तलाठ्याच्या पीकपाहणीइतकी ती सोपी आहे. उद्यां एखाद्या बाटलीबद्दल तक्रार आली तर त्या वहींतील एका ओळीवरून कोणती पेटी ती सांपडते, व बाकीचा माल वांचतो. बाटलीवरचा बॅच क्रमांक म्हणजे त्या ओळीचा क्रमांक, दुसरें कांहीं नाहीं.

विकत घेणारांसही एक हक्क आहे, तो फारसा कोणाला ठाऊक नाहीं. कलम ४० प्रमाणें कोणताही ग्राहक आपण घेतलेला पदार्थ फी भरून अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊं शकतो. अट इतकीच कीं तपासावयाचा हेतु विकत घेतांनाच दुकानदारास कळवावा. पदार्थ नियमाविरुद्ध निघाला तर फी परत मिळते व अहवाल अधिकाऱ्याकडे जातो. अर्ज जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयांत चौकशी करून करावा. नुसतें “मी हें तपासावयास देणार आहें” असें म्हटल्यावर दुकानदार कोणती बरणी पुढें करतो, हेंही पाहण्यासारखें असतें.

माझ्या थोरल्या मुलानें आमच्या धुऱ्यावर सातेरीच्या दोन पेट्या ठेविल्या आहेत. पराग काढावयाचा नाहीं, असें सुनेनें त्याला बजावलें आहे. नोंदणी झाली, आणि वैशाखांत निघालेल्या मधाकरितां त्यानें लेबल छापून घेतलें. नियमानें जें जें लागतें तें देऊन त्याखालीं हा मजकूर आहे: “सातेरी माशीचा मध. फुलोरा मुख्यतः करंज व जांभूळ. तापविलेला नाहीं, थंडींत गोठेल. एक वर्षाच्या आंतील मुलास देऊं नये. परागाचें किंवा मधमाशीच्या दंशाचें वावडें असल्यास प्रथम डॉक्टरांस विचारावें. हें औषध नाहीं.” छापखानेवाला म्हणाला, “काकाजी, एवढें वाचून कोण घेईल?” चौदा बाटल्यांपैकीं अकरा गेल्या आहेत. ज्यांना हा मजकूर आपल्या बाटलीवर हवा असेल त्यांनीं तो खुशाल उतरून घ्यावा. मूळ प्रत संस्थेच्या कचेरींत ठेविली आहे.